मास्क्ड आधार, बायोमेट्रिक लॉक आणि कपाटातल्या झेरॉक्स: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये पावसाने जोर धरला आणि मागच्या खोलीतल्या लाकडी कपाटाला ओल आली. पेडणे तालुक्यात मांद्रे गावात आम्ही तीन खोल्या पाहुण्यांना देतो. हंगाम संपला की खोल्या बंद करायच्या आणि कपाटे वाऱ्याला उघडी टाकायची, हे दरवर्षीचे काम. खालच्या कप्प्यात पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स होत्या, सहा वर्षांच्या. दरवर्षीचा गठ्ठा वेगळा, सुतळीने बांधलेला, वरच्या कागदांवर हिरवट बुरशी. सुकवायला म्हणून एकेक कागद सुटा करत बसले आणि थोड्या वेळाने हातच थांबला. पुण्याचे नवे जोडपे, सांगलीचे चार मित्र, बेळगावचे एक कुटुंब, त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीच्या आधारसकट. नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, फोटो आणि पूर्ण बारा आकडे. कपाटाला साधे कुलूपही नव्हते.

तोपर्यंत आधार आणि गोपनीयता म्हटले की मला सर्व्हर, हॅकर, न्यायालय अशा लांबच्या गोष्टी आठवायच्या. माहिती फुटण्याची एक जागा माझ्याच घरात, पापडांच्या डब्याशेजारी आहे, हे तेव्हा कळले. त्या आठवड्यात दोन गोष्टी ठरवल्या. घरातल्या तिघांसाठी, म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई, आधारची जी काही सुरक्षेची साधने आहेत ती सगळी वापरायची. आणि पाहुण्यांकडून पूर्ण आधारची झेरॉक्स यापुढे घ्यायची नाही. आता मार्च आला, हंगामही सरत आला, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात मास्क्ड आधारपासून. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून डाउनलोड करताना मास्क्डचा पर्याय निवडला की पहिले आठ आकडे झाकले जातात, शेवटचे चार दिसतात. बाकी कार्ड तेच, तितकेच वैध. पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. इथे एक सांगायलाच हवे. हा पासवर्ड म्हणजे संरक्षण समजू नका. ज्याला तुमचे नाव आणि वय ठाऊक आहे त्याला तो एका मिनिटात जमतो. संरक्षण आहे ते आकडे झाकण्यात.

प्रवासात मास्क्ड आधारने मला कुठेही अडवले नाही. कोल्हापूरला लॉजवर चालले, रेल्वेत टीसीने बघितले आणि परत दिले. अडले ते काउंटरवर. एका बँकेच्या शाखेत सासूबाईंच्या ठेवीच्या कामाला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने कागद उलटसुलट करून पाहिला.

"ताई, हे चालणार नाही, नंबर पूर्ण दिसत नाही."

"हे आधारचेच अधिकृत कार्ड आहे. क्यूआर स्कॅन करून बघा ना."

"आमच्याकडे स्कॅन नाही. तुम्ही ओरिजिनलची झेरॉक्स द्या."

मागे रांग होती, सासूबाई उभ्या राहून दमल्या होत्या. शेवटी समोरच्या दुकानातून पूर्ण कार्डाची झेरॉक्स काढून दिली. त्या मुलीवर माझा राग नाही, तिला जे शिकवले तेच ती करत होती. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बंगळुरूच्या कार्यालयाने लोकांना सांगितले होते की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड वापरा. दोनच दिवसांत चुकीचा अर्थ निघेल असे म्हणून ती सूचना मागे घेतली गेली. मास्क्ड आधार तेव्हाही वैध होते, आजही आहे. पण सामान्य माणसापर्यंत जी एकमेव मोठी बातमी पोचली ती सूचना मागे घेतल्याची. माझ्या मते त्याने फार नुकसान केले.

मुळात झेरॉक्स काहीच सिद्ध करत नाही. फोटो बदलून, नाव बदलून झेरॉक्स काढणे कोणत्याही दुकानात जमते. कार्डावरच्या क्यूआरवर प्राधिकरणाची डिजिटल सही असते. अधिकृत ॲपने तो स्कॅन केला की नाव, पत्ता, फोटो पडद्यावर येतो आणि कार्ड खरे की बनावट ते तिथेच कळते. त्यात पूर्ण आधार क्रमांक नसतोही. ऑक्टोबरपासून मी पाहुण्यांचे असेच करते: क्यूआर स्कॅन, चेहरा बघायचा, वहीत नाव, गाव, फोन आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे. प्रत हवीच असेल तर मास्क्ड. पहिल्या महिन्यात मला भीती होती की पाहुणे कंटाळतील. उलट दोन बायकांनी थांबून विचारले की हे कसे करायचे, आम्हाला पण शिकवा. त्यातली एक नागपूरची होती, एकटी फिरत होती. घरचा पत्ता ठिकठिकाणच्या रिसेप्शनवर पडून राहतो याची तिला कायम धास्ती वाटायची, असे म्हणाली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आधारचे नवे ॲप आले. त्यात आपल्याला हवी तेवढीच माहिती क्यूआरमधून दाखवता येते. नाव आणि फोटो दाखवा, पत्ता दाखवू नका. कल्पना म्हणून मला हे सगळ्यात आवडले. पण या हंगामात आमच्याकडे चाळीसेक कुटुंबे आली, त्यांतल्या तिघांकडेच ते होते.

बायोमेट्रिक लॉकचे, म्हणजे ठशाने आधार तपासणे आपणच बंद करून ठेवण्याचे, कारण वेगळे होते. सासूबाईंच्या माहेरची जमीन फोंड्याकडे आहे, तिच्या दस्तावर त्यांच्या बोटांचे ठसे आहेत. नोंदणी कायद्याप्रमाणे ते घ्यावेच लागतात. तेलंगणात अशाच दस्तांवरचे ठसे उचलून रबरी ठसे बनवल्याचे प्रकरण २०१८ मध्ये पोलिसांनी उघड केले होते, आणि २०२३ मध्ये बंगळुरूत आधारवरून खात्यातले पैसे गेल्याच्या तक्रारी आल्या तेव्हाही बोट जमिनीच्या दस्तांकडेच दाखवले गेले. गावोगावच्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेसाठी गावात पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याकडे, आधारवरून पैसे काढताना बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढेच लागते, ओटीपी नाही, पिन नाही. म्हणजे क्रमांक माझ्यासारखीच्या कपाटातून आणि अंगठा दस्तावरून. हे दोन एकत्र येऊ शकतात, हा विचार मनातून जाईना.

लॉक करायला पाच मिनिटे लागली. त्याआधी मात्र सासूबाईंच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर बदलावा लागला, कारण तो दिरांचा जुना, बंद झालेला नंबर होता आणि ओटीपी त्याच नंबरवर जातो. केंद्रावर जाऊन बदलला, तेव्हा ५० रुपये लागले. १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ झालेत. तुमच्या घरातल्या वयस्कर माणसांचे आधी हे तपासा. नंबर आपला नसेल तर बाकी एकही साधन हातात येत नाही.

आणि मग माझी चूक. लॉक केल्याचे सासूबाईंना नीट समजावले नाही. जुलैत त्या एकट्या रेशनला गेल्या. मशीनवर अंगठा लावला, नाही. दुसरे बोट, नाही. तिसऱ्या वेळी दुकानदार म्हणाला, "काकी, तुमचा ठसा बंद केलेला दाखवतोय." लॉक असताना मशीनवर ३३० हा एरर कोड येतो, तो त्याला ठाऊक होता हे नशीब. पण सासूबाईंना वाटले की त्यांचे रेशनच बंद झाले. भर पावसात रिकामी पिशवी घेऊन घरी आल्या आणि पडवीत गप्प बसून राहिल्या. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "माझे नाव कापले वाटते त्यांनी." त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. सुरक्षेसाठी केलेल्या गोष्टीने त्यांना चार तास असे वाटले की आपण सरकारच्या लेखी उरलोच नाही.

तात्पुरते अनलॉक केले तर ते दहा मिनिटे टिकते. घरून अनलॉक करून निघाले तर दुकानापर्यंत पोचेतो वेळ संपतो, आणि दुकानापाशी फोनला रेंज नसते. म्हणून रेशनच्या दिवशी सकाळी लॉक पूर्ण काढते, संध्याकाळी परत लावते. कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल केलाय. लॉकमध्ये ठसा, डोळे आणि चेहरा तिन्ही येतात, म्हणून घरात पेन्शनर असेल तर हयातीच्या दाखल्याच्या वेळीही हे लक्षात ठेवा. एवढे असूनही मी लॉक ठेवणारच आहे.

डिजिलॉकर, म्हणजे सरकारी कागद फोनवर ठेवायचे ॲप, याबद्दल फार लिहायचे नाही. लायसन्स आणि गाडीचे आरसी त्यात आहे, पर्वरीला पोलिसांनी एकदा थांबवले, दाखवले, सुटले. कायद्याने ती मूळ कागदाच्या बरोबरीची आहेत. डिजियात्रा, म्हणजे विमानतळावर चेहरा दाखवून आत जायचे ॲप, मी घेतलेले नाही. दाबोळी विमानतळावर ते सप्टेंबर २०२४ पासून आहे. चेहऱ्याची माहिती विमानतळ चोवीस तासांत पुसते असे सांगतात, पण ते चालवणाऱ्या कंपनीत विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, बाकी बहुतेक खासगी कंपन्या चालवतात त्या विमानतळांचा. दाराशी दोन मिनिटे उभे राहून कार्ड दाखवणे मला चालते.

ज्याने माझे डोळे उघडले ते म्हणजे ऑथेंटिकेशन हिस्ट्री. लॉगिन केले की गेल्या सहा महिन्यांत तुमचे आधार कोणी, कधी, कसे तपासले याची यादी दिसते, जास्तीत जास्त ५० नोंदी. तारीख, वेळ, ओटीपीने की ठशाने, जमले की फसले. सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा नोंदी सहा महिन्यांपलीकडे ठेवायला मनाई केली; आधी त्या पाच वर्षे साठवायची तरतूद होती. माझ्या यादीत एक अनोळखी नाव होते. दोन दिवस झोप लागली नाही. शेवटी तारीख जुळवली तेव्हा कळले की म्युच्युअल फंडाच्या केवायसीसाठी मधल्या संस्थेने तपासणी केली होती. कोणी विचारले ते कळते, कशासाठी विचारले ते कळत नाही. ही उणीव मोठी आहे आणि ती भरून काढणे अवघड नसावे.

पण यादी वाचता वाचता जे सुचले ते त्याहून मोठे. सहा महिन्यांत सासूबाईंच्या आधारच्या प्रती आम्ही निदान अकरा ठिकाणी दिल्या होत्या. यादीत त्यांतली एकही नाही. यंत्राने विचारले तर नोंद राहते. झेरॉक्सने विचारले तर काहीच राहत नाही, कोणाच्या कपाटात ती पडली आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. सगळी चांगली साधने यंत्राच्या बाजूला आहेत आणि आपला सगळा व्यवहार अजून झेरॉक्सच्या बाजूला.

गोव्यात हे जास्तच होते, त्याला जुने कारण आहे. सासूबाई १९५४ च्या, जन्मनोंद पोर्तुगीजमध्ये. माहेरचे आडनाव नाईक. जन्मनोंदीत ते शेवटी क्यू-यू-ई लावून लिहिलेले, आधारवर साधे के. देवनागरीत एकच नाव, मशीनला दोन माणसे. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, त्याला जोडून जन्मदाखला, लग्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, प्रत्येकाच्या तीन प्रती. नाव जुळले नाही की कागद वाढतात, आणि प्रत्येक कागदावर ते बारा आकडे. आमच्याकडे 'गृह आधार'चा अर्ज भरताना तर कितीतरी बायकांना वाटते की आधारचेच काही तरी आहे, आणि मागितल्या नसतानाही त्या दोन जास्तीच्या प्रती जोडून देतात. ती योजना वेगळी, गृहिणींना महिना १५०० रुपये देणारी. नावाच्या सारखेपणाने किती प्रती जास्तीच्या गेल्या असतील!

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील. माहिती कशासाठी घेता ते सांगा, काम झाले की पुसून टाका. तीन खोल्यांच्या माझ्यासारखीनेही हे आतापासूनच पाळावे असे मला मनापासून वाटते. सरकारला मात्र आपल्या संस्थांना या कायद्यातून सूट देता येते, आणि ते मला पटत नाही. सगळ्यात जास्त माहिती मागणारे तेच आहेत.

कपाटातल्या झेरॉक्सचे काय केले? एका ओळखीच्या वकिलांना विचारून वहीतल्या नोंदी ठेवल्या. कागद मात्र हाताने फाडले, टबात रात्रभर भिजत घातले, लगदा सुकवला आणि न्हाणीतल्या चुलीत घातला. पाणी तापवायच्या भाणाखाली तीन दिवस जळत होते.

आता बुकिंग झाले की पाहुण्यांना हा निरोप जातो, कुणाला वापरायचा असेल तर घ्या: "नमस्कार. येताना आधार असेल तर मास्क्ड आणा किंवा मूळ कार्ड आणा, आम्ही क्यूआर बघून लगेच परत देतो. व्हॉट्सॲपवर आधारचा फोटो पाठवू नका. मतदार ओळखपत्र किंवा लायसन्सही चालेल. रस्ता विचारायचा असेल तर देवळापाशी आल्यावर फोन करा, पुढे रेंज जाते."