ड्रॅकॉनिक डिस्ट्रक्शन: ड्रॅगन ढीगभर, मॅना तोकडा

मेंढीकोट आणि रमीवर वाढलेल्या भिडूला मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातली एकच गोष्ट पचायला वेळ लागतो. इथे एक कॅट पिसून सगळ्यांना वाटत नाहीत, प्रत्येक जण आपली गड्डी घरून बांधून आणतो. त्यामुळे अर्धा डाव टेबलावर बसण्याआधीच झालेला असतो. ज्याला ही बांधणी शिकायची आहे, पण शंभर पत्ते एकेक करून जमवायचे नाहीत, त्याच्यासाठी हा खेळ काढणाऱ्या कंपनीने 2022च्या अखेरीस कमांडर या खेळप्रकारातले पाच तयार स्टार्टर डेक (नवशिक्यांसाठी बांधलेल्या गड्ड्या) काढले. त्यातला लाल-हिरवा, ड्रॅगनवाला बॉक्स म्हणजे ड्रॅकॉनिक डिस्ट्रक्शन. नाशिकमधल्या चौघांच्या अड्ड्यासाठी तो घ्यावा का? घ्यावा. पण आहे तसा खेळू नये.

नियम थोडक्यात. डेक बरोबर शंभर पत्त्यांचा. बेसिक लँड (मॅना, म्हणजे पत्ते उतरवायची किंमत, पुरवणारे साधे पत्ते) सोडल्या तर एकही पत्ता दुसऱ्यांदा चालत नाही. एक पौराणिक प्राणी कमांडर म्हणून बाजूला, उघडा. प्रत्येकाचे 40 प्राण. एकाच कमांडरच्या हल्ल्यांतून एकूण 21 इजा झाली की प्राण कितीही उरले असले तरी भिडू बाद. कमांडर मेला की परत बोलावता येतो, पण दर खेपेला दोन मॅना जास्त मोजून. या प्रकाराचं जुनं नावच मुळी 'एल्डर ड्रॅगन हायलँडर'. 1994च्या लेजेंड्स संचातल्या पाच एल्डर ड्रॅगनांवरून ते पडलं, म्हणजे ड्रॅगन घेऊन बसणारा भिडू या खेळाच्या माहेरीच आलेला असतो.

बॉक्सची कमांडर अटार्का, वर्ल्ड रेंडर. किंमत सात मॅना, ताकद 6, टिकाव 4, उडते, ट्रॅम्पल आहे (अडवणाऱ्याला मारून उरलेली इजा भिडूपर्यंत जाते). तुमचा कुठलाही ड्रॅगन हल्ल्याला निघाला की त्याला त्या टर्नपुरता डबल स्ट्राइक मिळतो, म्हणजे तो दोनदा इजा करतो. ती स्वतःही ड्रॅगन असल्याने एकटी निघाली तरी 12 इजा करते. दोनदा पोचली की 24, भिडू गारद. डेकचं सगळं गणित या एका ओळीत आहे, आणि डेकचा सगळा त्रास त्या सात मॅनांत.

हिशेब करून बघा. कमांडर वगळला तर गड्डीत 99 पत्ते उरतात. त्यात 38 लँड धरा. चौघांच्या डावात पहिला भिडूही पहिल्या टर्नला पत्ता उचलतो, म्हणजे सातव्या टर्नपर्यंत तुम्ही 14 पत्ते पाहिलेले असता. त्यात सरासरी लँड येतात 5.4. निव्वळ लँडवर सातव्या टर्नला अटार्का उतरत नाही, ती सरासरीने दहाव्या-अकराव्याला उतरते. तोपर्यंत समोरचे तिघे दुकान मांडून बसलेले असतात. मॅना वाढवणारे स्वस्त पत्ते, ज्याला सगळे रॅम्प म्हणतात, ते 14 ठेवले तर सहाव्या टर्नपर्यंतच्या 13 पत्त्यांत लँड आणि रॅम्प मिळून सरासरी 6.8 हाताला लागतात. म्हणजे सहाव्या-सातव्या टर्नला अटार्का. 'पण सोल रिंग (स्वस्तात मॅना देणारा पत्ता) आहे ना!' हा युक्तिवाद ऐकू नका. 99 पत्त्यांत ती एकच आहे, पहिल्या सात पत्त्यांत ती शंभर डावांपैकी साधारण सात वेळा येते.

म्हणून या डेकमधला पहिला बदल ऐकायला उलटा वाटेल: ड्रॅगन कमी करा. सहा किंवा अधिक मॅनाचे पत्ते वेगळे काढून मोजा. नऊच्या वर गेले की वरचे बाहेर. ड्रॅगन एकूण 16-17 पुरतात. हातात तीन लँड आणि चार सहा-सात मॅनावाले ड्रॅगन, हे या डेकचं नेहमीचं रडगाणं आहे. चौघांच्या डावात पहिला मल्लिगन फुकट असतो, सात टाकून नवे सात घेता येतात. असा हात आला तर तो वापरायला लाजू नये.

रिकाम्या जागी काय घालायचं? आधी दोन मॅनावाला रॅम्प. नेचर्स लोअर सर्वांत सरस, कारण तिने आणलेली फॉरेस्ट (हिरवा मॅना देणारी लँड) उभी, न टॅप झालेली येते (टॅप म्हणजे वापरल्यावर आडवा केलेला पत्ता), म्हणजे दोन खर्चून एक लगेच परत. फारसीकने माउंटन (लाल मॅना देणारी लँड) आणता येतो, पण तो टॅप होऊन येतो. टॅलिझमन ऑफ इम्पल्स दोन्ही रंग देतो, रंगीत मॅना काढताना एक प्राण मोजावा लागतो, 40 प्राणांच्या खेळात ते चिल्लर. तीन मॅनाचा रॅम्प दोन-तीन पत्त्यांपुरता ठीक. चार मॅनाचा रॅम्प इथे निरुपयोगी, कारण चौथ्या टर्नला तुम्हाला टेबलावर काहीतरी दिसायला हवं.

मग खर्च कमी करणारे. ड्रॅगनस्पीकर शामन ड्रॅगन दोन मॅनांनी स्वस्त करतो, ड्रॅगनलॉर्ड्स सर्व्हंट एकाने. दोघे उभे असतील तर अटार्का सातऐवजी चार मॅनात येते. ही सूट कमांडर टॅक्ससकट (दर खेपेचे ते जादा दोन मॅना) एकूण किमतीवर लागते, हे नवे भिडू हमखास विसरतात आणि मरून पडलेल्या अटार्काला उगाच हात लावत नाहीत. दुसरी खेप नऊ मॅनाची, दोघे असले तर सहाची.

लँडकडे कुणी बघत नाही, आणि स्टार्टर डेकची कंजुषी नेमकी तिथेच झालेली असते. टॅप होऊन येणाऱ्या दुरंगी लँड इथे भरपूर आहेत. दुसऱ्या टर्नला अशी लँड आली की नेचर्स लोअर तिसऱ्यावर ढकलली जाते, तिसऱ्याचं चौथ्यावर, आणि एका पत्त्याने सगळा डाव एक घर मागे पडतो. अशा लँड पाच-सहाच्या वर ठेवू नका. सिंडर ग्लेड (दोन बेसिक लँड असतील तर उभी येते) आणि रूटबाउंड क्रॅग (माउंटन किंवा फॉरेस्ट असेल तर उभी) या महाग नाहीत. त्याही नको असतील तर सरळ बेसिक घाला. दोनच रंगांच्या डेकला साधी फॉरेस्ट कधी दगा देत नाही.

आता बॉक्सचं खरं कौतुक. सॅव्हेज व्हेंटमॉ हा एक पत्ता यात आहे म्हणून बरंच माफ करावं. सहा मॅनाचा उडता ड्रॅगन, हल्ला केला की तीन लाल, तीन हिरवे असे सहा मॅना देतो आणि ते टर्न संपेपर्यंत वाया जात नाहीत. म्हणजे अटार्का दुसऱ्यांदा नऊला उतरवायची तर हल्ल्यानंतर फक्त तीन लँड लागतात. स्कर्ज ऑफ व्हल्कास दुसरा: प्रत्येक नवा ड्रॅगन उतरताच तुमच्याकडे जितके ड्रॅगन तितकी इजा, हव्या त्या लक्ष्यावर. ड्रॅगन टेम्पेस्ट हेच काम दोन मॅनात करतं, शिवाय उडणाऱ्यांना उतरल्याबरोबर हल्ल्याची मुभा देतं. क्रूसिबल ऑफ फायरने ड्रॅगनांना तीन-तीन वाढ मिळते. अटार्का 9 ताकदीची झाली की एका फटक्यात 18. एकाच हल्ल्यात 21 गाठायला 11 ताकद लागते, म्हणजे क्रूसिबलवर आणखी फक्त दोन.

पत्ते ओढण्याची बाजू मात्र लंगडी. लाल-हिरव्याचा हात सहाव्या टर्नला रिकामा होतो आणि मग वरचा एक पत्ता उचलून देवाचं नाव घ्यायचं. गार्रुक्स अपरायझिंग घालाच: चार किंवा जास्त ताकदीचा प्राणी उतरला की पत्ता मिळतो आणि सगळ्यांना ट्रॅम्पलही. या डेकमध्ये तो तीन मॅनाचा पत्ता सात मॅनाच्या ड्रॅगनपेक्षा जास्त डाव जिंकून देतो.

नियमांत तीन जागी ठेच लागते. एक: अटार्काचा गुण 'हल्ल्याला निघाला की' असा आहे. दुसऱ्या एखाद्या पत्त्याने थेट हल्ला करत असलेल्या अवस्थेत टेबलावर आणलेला ड्रॅगन हल्ल्याला 'निघत' नाही, त्याला डबल स्ट्राइक नाही. दोन: हल्ला जाहीर झाल्यावर कुणी अटार्काला मारलं तरी बाकी ड्रॅगनांचे ट्रिगर (निघताक्षणी लागू झालेले गुण) जिवंत राहतात, डबल स्ट्राइक मिळतोच. त्यामुळे जाणता भिडू तिला हल्ला जाहीर होण्यापूर्वी मारतो, कच्चा भिडू नंतर. समोरचा कोणत्या जातीचा आहे हे पहिल्या डावात कळतं. तीन: डबल स्ट्राइकचा पहिला फटका अडवणाऱ्याला मारतो, पण ट्रॅम्पल नसेल तर दुसरा फटका भिडूपर्यंत जात नाही. अटार्काला ट्रॅम्पल आहे, बाकी बहुतेक ड्रॅगनांना नाही. गार्रुक्स अपरायझिंग इथे पुन्हा कामी येतं.

चौघांच्या टेबलावर खेळायचं कसं, हा बांधणीइतकाच मोठा भाग. मेंढीकोटात समोर जोडीदार असतो, इथे तिन्ही बाजूंना शत्रू. त्यांचे मिळून 120 प्राण. एकाचा एक पत्ता मारायला आपला एक पत्ता घालवला की तो आणि तुम्ही दोघे एक पाऊल मागे, उरलेले दोघे फुकटात पुढे. म्हणून मारणारे पत्ते फक्त डाव संपवू पाहणाऱ्या गोष्टीवर खर्चा, नुसत्या चिडवणाऱ्या प्राण्यावर नको.

अटार्का उतरवून 'पुढच्या टर्नला बघतो' म्हणणं ही सर्वांत महागडी चूक. तुमची पुढची टर्न यायच्या आत तिघांच्या तीन टर्न होतात, आणि 4 टिकावाची ड्रॅगन तिघांतल्या एकाच्या तरी हातून मरतेच. तिला त्याच टर्नला हल्ला करता येईल अशी तजवीज झाल्याशिवाय काढू नका: ड्रॅगन टेम्पेस्ट, किंवा प्राण्याला चढवायचं साधन लाइटनिंग ग्रीव्ज. ग्रीव्ज चढवायला शून्य मॅना लागतो, पण मग तुमचंही कुठलं मंतर तिच्यावर चालत नाही. स्विफ्टफूट बूट्स चढवायला एक मॅना घेतात आणि फक्त परक्यांना अडवतात. मॅना जेमतेम असेल तर ग्रीव्ज, वाढ देणारी मंतरं जास्त असतील तर बूट्स. शिवाय हिरोइक इंटरव्हेन्शन या वाचवणाऱ्या मंतराचे दोन मॅना राखून ठेवणारा भिडू बोर्ड वाइपनंतरही (टेबलावरचं सगळं एकदम मारणारा पत्ता) उभा असतो. दोन ड्रॅगन पुरत असताना तिसरा टेबलावर मांडू नका, तो हातातच शोभतो.

हल्ला केलेले ड्रॅगन टॅप होतात, हेही लक्षात असू द्या. सगळे एकावर सोडले की उरलेले दोघे मोकळ्या मैदानातून येतात. उडणारे प्राणी नसलेला भिडू आधी निवडा आणि कमांडरची इजा कागदावर लिहा. तोंडी हिशेबावर भांडणं होतात.

बसण्याआधी ताकदीबद्दल बोलून घ्या. 2025च्या फेब्रुवारीत कंपनीने डेकच्या ताकदीप्रमाणे पाच ब्रॅकेटची, म्हणजे पायऱ्यांची, पद्धत आणली. हा बॉक्स दुसऱ्या पायरीचा, आणि फार ताकदवान पत्त्यांच्या 'गेम चेंजर' यादीतला एकही पत्ता घातला नाही तर वरच्या बदलांनंतरही बहुधा तिथेच राहतो.

नाशिकपुरत्या दोन सूचना. पावसाळ्यात फॉइल पत्त्याचा कागद ओल पितो, चमकता थर पीत नाही, मग कडा चित्राच्या बाजूला उचलल्या जातात. मार्चनंतरच्या कोरड्या हवेत उलट. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी डब्यात टाकावी. आणि स्लीव्ह (पत्त्याचं प्लास्टिकचं पाकीट) न चढवता मिसळीच्या टेबलावर डेक काढू नये, तर्रीचा एक थेंब पडला की तो पत्ता पाठीमागून ओळखू येतो, म्हणजे खुणेचा पत्ता. पत्ता 63 बाय 88 मिलिमीटरचा, स्लीव्ह 66 बाय 91ची घ्या. 62 बाय 89ची जपानी मापाची स्लीव्ह दिसायला तशीच असते आणि पत्ता तिच्यात मावत नाही. शंभरच्या पाकिटाबरोबर सुट्या दहा घ्याव्या, पिसताना फाटतातच.

वेगवेगळे पत्ते जुने विकत घेताना मागच्या हिरव्या गोलात भिंगाने बघा. अस्सल पत्त्यात इंग्रजी एलच्या आकारात चार लाल ठिपके दिसतात. घरच्या डावात झेरॉक्स काढलेले पत्ते चौघांच्या संमतीने चालतात, पण ते अस्सल म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नयेत. नोटा छापणाऱ्या गावात तरी हे सांगायला लागू नये.

चौकडीत दुसरा बॉक्स घ्यायचा झाला तर याच मालिकेतला केऑस इन्कार्नेट पाहा. त्याचा कमांडर कार्दुर उतरला की त्याची पुढची टर्न येईपर्यंत बाकीच्यांच्या प्राण्यांना हल्ला करावाच लागतो, आणि शक्यतो कार्दुरवाल्याला सोडून इतरांवर. तो भिडू टेबलावर असेल तर अटार्का थोडी उशिरा काढा. तुमची टर्न येईपर्यंत बाकीच्या दोघांचे अडवणारे टॅप झालेले मिळू शकतात.