आठवडाभराचं वाचन: इकॉनॉमिस्ट, टीएलएस आणि ॲथलेटिकबद्दल थोडं

राजकारणासाठी इकॉनॉमिस्ट, पुस्तकांसाठी टीएलएस म्हणजे टाइम्स लिटररी सप्लिमेंट आणि फुटबॉलसाठी द ॲथलेटिक ही वेबसाइट, असं सध्या माझं आठवड्याचं वाचन चालू आहे. यातली कोणती वर्गणी घ्यावी असं मित्रमंडळी अधूनमधून विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. सगळ्यात जास्त वेळ फुटबॉल खातं, डोक्यात सगळ्यात जास्त टीएलएसमधलं राहतं, आणि मनातल्या मनात दर आठवड्याला भांडतो तरी सोडवत नाही ते इकॉनॉमिस्ट.

इकॉनॉमिस्ट मी मागून वाचायला घेतो. शेवटी मृत्युलेख असतो, दर अंकात एकाचाच, आणि तो कुणाचा निघेल याचा काही नेम नाही. कधी मोठा राजकारणी, कधी कुणी नावही न ऐकलेला माणूस. २००७ मध्ये ॲलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रे पोपटाचा होता, तोच तो संशोधनासाठी शब्द शिकवलेला प्रसिद्ध पोपट, आणि २००९ मध्ये तर चक्क एका माशाचा, बेन्सन नावाचा इंग्लंडमधला कार्प, गळवाल्यांनी परत परत पकडून परत परत सोडून दिलेला. एवढ्या गंभीर साप्ताहिकात माशाला अख्खं पान मिळतं म्हणजे संपादकाच्या खुर्चीत माणूस बसलाय, मशीन नाही, एवढी तरी खात्री पटते.

तिथून उलटं येत येत राजकारणापाशी पोचलो की माझी कुरकुर सुरू होते. लेखाखाली नाव नसतं. १८४३ मध्ये जेम्स विल्सनने बाहेरून येणाऱ्या धान्यावरच्या जकातीविरुद्ध हे पत्र काढलं, तेव्हापासूनची ही पद्धत. सदरांना नावं आहेत, ब्रिटनवरचं बॅजट, अमेरिकेवरचं लेक्सिंग्टन, युरोपवरचं शार्लमेन, पण ती पाटी झाली, आत बसणारा बदलत राहतो. याने एक होतं, कुणी मी मी करत नाही, लेख आटोपशीर राहतो. पण मग सगळ्या जगाबद्दल एकच आवाज बोलतोय असं वाटायला लागतं, पेरूची निवडणूक असो की जपानची पेन्शन, तीच खात्री, तोच हलका टोमणा, आणि शेवटी उपाय काय तर बाजार मोकळा करा. नाव असतं तर निदान म्हणता आलं असतं की या बाईंचा मागचा अंदाज साफ फसला होता, हिला जरा जपून वाचू. इथे कोणाला धरणार?

उशिराची गंमत वेगळीच. अंक गुरुवारी छपाईला जातो, वर तारीख शनिवारची. आणि ब्रिटनमध्ये १९३५ पासून प्रत्येक सार्वत्रिक निवडणूक गुरुवारी झालीये! म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात मोठी बातमी घडणार नेमक्या त्याच दिवशी यांचा अंक बंद होणार. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर कमालच झाली. तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान लिझ ट्रस यांची सत्तेवरची पकड लेट्यूसच्या गड्ड्याइतपतच टिकली अशा अर्थाचं इकॉनॉमिस्टने लिहिलं, मग डेली स्टार या टॅब्लॉइडने खरोखरचा गड्डा कॅमेऱ्यासमोर ठेवून लाइव्ह लावला, गड्डा आधी सडतो की बाई आधी जातात बघू म्हणून. बाईंचाच राजीनामा आधी आला, २० तारखेला, वार गुरुवार. त्या आठवड्याच्या मुखपृष्ठावर ट्रसबाई रोमन वेशात, एका हातात पिझ्झाची ढाल, दुसऱ्या हातात स्पगेटी गुंडाळलेला काटा, आणि वर ब्रिटनचा इटली झालाय अशी कोटी. यावर इटलीच्या राजदूतांनी लेखी नाराजी कळवली ती वेगळीच.

पण खरं सांगू, त्या दिवसांत रोजच्या बातम्या वाचून मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. कोण राजीनामा देणार, कोण उभं राहणार, नुसता गलका. साप्ताहिकं वाचल्यावर मुळातलं लक्षात आलं की २३ सप्टेंबरला ट्रस सरकारने सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, पैसा कुठून आणणार ते सांगितलंच नाही, सरकारी रोख्यांचे भाव कोसळले, आणि रोखे तारण ठेवून व्यवहार करणाऱ्या पेन्शन फंडांकडे आणखी तारण मागितलं गेलं, ते उभं करायला फंड रोखेच विकायला लागले, त्यामुळे भाव आणखी पडले, शेवटी २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला रोखे विकत घ्यायला उतरावं लागलं. हे पेन्शन फंडाचं चक्र कळलं नाही तर लेट्यूसचा जोक कळतो पण सरकार का पडलं ते नाही कळत. उशिरा वाचण्यात माझं अजून तरी काही नुकसान झालेलं नाही.

टीएलएस मात्र मी निवांत, उलटसुलट, कधी दोन महिने जुना अंकही वाचतो, काही फरक पडत नाही. १९०२ मध्ये लंडनच्या टाइम्सची पुरवणी म्हणून निघालं. इथेही १९७४ पर्यंत परीक्षणाखाली नाव नसायचं, व्हर्जिनिया वुल्फ, टी. एस. एलियट सगळे निनावी लिहायचे. जॉन ग्रॉस संपादक झाले आणि त्यांनी नावं छापायला सुरुवात केली. माझ्या मते बरं केलं. निनावी परीक्षणात जुने हिशेब चुकते करण्याचा मोह कुणाला होणार नाही? आता नाव आहे तरी हिशेब चुकते होतातच, पण उघड्यावर, आणि मग पत्रव्यवहाराच्या पानावर उत्तरं येतात. ते पान सोडू नका! माणूस ‘आपल्या परीक्षकाचे आभार’ म्हणून सुरुवात करतो आणि चौथ्या ओळीत परीक्षकाने तळटीपच वाचलेली नाही हे दाखवून देतो.

यातली बहुतेक पुस्तकं मी कधीच वाचणार नाही हे मला माहितीये. बायझंटाइन करपद्धतीवरचा सहाशे पानांचा ग्रंथ कोण वाचणार! पण त्यावरची दोन पानं वाचून जे समजतं ते पुरतं. एकच तक्रार, कवितांची परीक्षणं फार आवळून लिहिलेली असतात, ती मी सरळ उलटतो.

आता फुटबॉल. ॲथलेटिक २०१६ मध्ये अमेरिकेत सुरू झालं, २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये उतरताना एकेका क्लबमागे फिरणारे पत्रकार उचलले, २०२२ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने ५५ कोटी डॉलरना विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी न्यू यॉर्क टाइम्सने स्वतःचा क्रीडा विभागच बंद केला. लेख चांगले असतात, काही फारच चांगले. लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, मिडफिल्डमध्ये का सरकतो हे चित्रं काढून समजावतात, एक्सजी, म्हणजे एखाद्या फटक्यातून गोल होण्याची शक्यता सांगणारा आकडा, वापरतात पण त्याची पूजा करत नाहीत. पेनल्टीचं एक्सजी पाऊणच्या जरासं वर असतं, म्हणजे साधारण चारातली एक चुकणारच, एवढं डोक्यात बसलं तरी पेनल्टी चुकवलेल्या पोराला शिव्या घालणं निम्मं कमी होईल.

माझी अडचण लेखनाशी नाही, फुटबॉलच्या वाचनाला शेवटचं पान नसतं ही आहे. इकॉनॉमिस्ट संपतं, टीएलएस संपतं, हे खाली खाली सरकतच राहतं. किकर हे जर्मन क्रीडापत्र आठवड्यातून दोनदा निघतं, सोमवारी आणि गुरुवारी, खेळाडूंना शाळेसारखे १ ते ६ मार्क, १ म्हणजे उत्तम, झालं, मिटवा. लेकिप हे फ्रेंच क्रीडा दैनिक दहापैकी देतं आणि इतका हात आखडून की दहा मिळाले हीच बातमी होते, २०१९ मध्ये रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर ४-१ हरवणाऱ्या डच क्लब आयॅक्सच्या टाडिचला मिळाले होते. आणि हे लेकिप म्हणजे साधं प्रकरण नाही. डिसेंबर १९५४ मध्ये इंग्लंडच्या वुल्व्ह्ज क्लबने हंगेरीच्या होनवेदला ३-२ हरवल्यावर इंग्लिश पेपरांनी त्यांना जगज्जेते ठरवलं, त्यावर लेकिपच्या गाब्रिएल आनोने लिहिलं की असं कसं, आधी युरोपभर स्पर्धा घेऊन बघा. पुढच्याच वर्षी युरोपियन कप सुरू झाला. आजची चॅम्पियन्स लीग तीच. एका पत्रकाराच्या कुरकुरीतून एवढं उभं राहिलं, आणि आज आपण वाचतो काय, तर कुणाचा एजंट कुठल्या विमानतळावर दिसला.

तर कोणती घ्यायची? एकच घ्यायची असेल तर टीएलएस, डोळे झाकून. इकॉनॉमिस्ट ज्यांना कामावर जाता-येता ऐकायचंय त्यांनी घ्या, अख्खा अंक वाचून दाखवलेला मिळतो आणि कानाने तो टोमणा कमी बोचतो. फुटबॉलची ऑगस्टमध्ये घ्या आणि मे संपला की बंद करा, वर्ल्ड कपचं वर्ष असेल तर जुलैपर्यंत ठेवा. मधल्या काळात खेळाडूंच्या ट्रान्सफरच्या वावड्याच असतात, त्या फुकट मिळतात. आणि कुठलीही घेताना बंद करायचं बटण कुठेय ते आधी शोधून ठेवा. एका ठिकाणी, नाव नको, वर्गणी घेताना दोन टॅप पुरले, बंद करायला मात्र चॅटवर अर्धा तास ‘आपण का जाताय’ याची उत्तरं देत बसलो होतो.