रडारवरचा पेपर छापून देतो म्हणाले आणि आतले आकडेच बदलले, एमई-एमटेकवाल्यांनी वाचाच

एमई किंवा एमटेक करताय, ब्रांच ईएनटीसी किंवा कम्युनिकेशन आहे आणि डिसर्टेशन जमा करायच्या आधी एक तरी पेपर पब्लिश झालेला पाहिजे असं कॉलेजने सांगितलंय, तर हे नीट वाचा. सध्या याच मुलामुलींना 'पेपर छापून देतो' म्हणणाऱ्या एजंटांचे फोन येतायत. माझे १८,५०० रुपये गेले, ते तर आहेच, पण त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे आणि त्याबद्दल कोणी बोलताना दिसत नाही.

आधी विषय सांगते म्हणजे पुढचं कळेल. रडार आणि कम्युनिकेशन एकाच ओएफडीएम सिग्नलमधून (डेटा एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर वाटून पाठवायची पद्धत) करायचं. गाडीच्या बंपरमधून जो सिग्नल निघतो त्यानेच पुढची गाडी किती लांब आहे आणि किती स्पीडने चाललीये ते मोजायचं आणि त्याच सिग्नलवरून पुढच्या गाडीला डेटापण पाठवायचा, म्हणजे दोन वेगळी हार्डवेअर लागत नाहीत आणि स्पेक्ट्रमपण वाचतो. आयटीयूने, म्हणजे टेलिकॉमच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, २०२३ मध्ये ६जीचं जे फ्रेमवर्क ठरवलं त्यात सहा मुख्य वापर दिलेत, त्यातला एक हाच आहे, म्हणून या विषयावर आता खूप काम चाललंय. एजंट लोक हे बरोबर हेरून असतात. माझा नंबर कुठून मिळाला माहीत नाही, कुठल्यातरी वर्कशॉपच्या रजिस्ट्रेशनमधून गेला असावा, कारण समोरच्याला माझं टायटलसुद्धा माहीत होतं.

मॅटलॅबमध्ये सिम्युलेशन माझं स्वतःचं, रिपोर्ट स्वतः लिहिलेला, गाइड सरांनी दोनदा तपासून दिलेला. यांच्याकडून मला फक्त फॉरमॅटिंग, इंग्रजीची सफाई आणि सबमिशनची मदत हवी होती, आणि त्यांनीही तेच कबूल केलं होतं. "मॅम टॉपिक एकदम हॉट आहे, स्कोपस इंडेक्स्ड जर्नल आहे, पंधरा दिवसात काम होऊन जाईल, काही टेन्शन घेऊ नका." स्कोपस म्हणजे निवडक जर्नलची नोंद ठेवणारा डेटाबेस. बोलणं इतकं व्यवस्थित की संशय यायला जागाच नाही, पावती मेलवर, मेलखाली कंपनीचं नाव, लोगो, सगळं. वर्ड फाइलच पाहिजे म्हणाले, पीडीएफ चालणार नाही. मग कॉपीराइट फॉर्म आला, जर्नलचं नाव आणि आयएसएसएन (जर्नलचा नोंदणी क्रमांक) छापलेला, तो सही करून पाठवला. पैसे यूपीआयवर, आणि खातं कंपनीच्या नाही तर एका माणसाच्या नावावर. विचारलं तर म्हणे अकाउंट डिपार्टमेंटचं आहे.

ॲक्सेप्टन्स लेटर चारपाच दिवसात आलं. रिव्ह्यूअरचा एकही प्रश्न नाही! माझ्या विषयावर खऱ्या रिव्ह्यूअरने विचारायलाच हवं होतं की सायक्लिक प्रीफिक्स (प्रत्येक सिम्बॉलच्या आधी जोडलेला जादाचा तुकडा) किती ठेवलाय आणि तेवढ्यात किती लांबून येणारा एको, म्हणजे आदळून परत आलेला सिग्नल, बसतो, किंवा दोन टार्गेट शेजारी आले तर वेगळे दिसतात का. काहीच नाही, थेट "अभिनंदन". हे लक्षात ठेवा, ज्या पेपरला कोणीच काही विचारलं नाही तो कोणी वाचलेलाच नाही.

मग पेपरची लिंक आली आणि मी उघडून बघितला तर माझ्या नावाच्या आधी दोन नावं, ज्या माणसांना मी आयुष्यात कधी भेटले नाही. मी तिसरी. गाइड सरांचं नाव गायब. म्हणजे एका बाजूने माझ्याकडून पैसे आणि दुसऱ्या बाजूने त्या दोघांना लेखकाची जागा विकून त्यांच्याकडूनही पैसे घेतले असणार, दुसरा काही अर्थ मला तरी लागत नाही. सरांना फोन करताना मला रडू येत होतं, कारण हा विषयच मुळात सरांनी सुचवलेला.

पण खरा धक्का आतमध्ये होता. माझं सिम्युलेशन २४ गिगाहर्ट्झला, बँडविड्थ, म्हणजे सिग्नलने व्यापलेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा, १०० मेगाहर्ट्झ. रडारचं रेंज रिझोल्यूशन, म्हणजे दोन वस्तू किती जवळ असल्या तरी वेगळ्या दिसतील ते, काढायचं सूत्र साधं आहे, प्रकाशाचा वेग भागिले बँडविड्थची दुप्पट. १०० मेगाहर्ट्झला ते दीड मीटर येतं आणि मी दीड मीटरच लिहिलं होतं. छापलेल्या पेपरमध्ये ०.१५ मीटर! पंधरा सेंटिमीटर रिझोल्यूशनसाठी १ गिगाहर्ट्झ बँडविड्थ लागते आणि २४ गिगाहर्ट्झचा आयएसएम बँडच मुळी २४.०० ते २४.२५ असा २५० मेगाहर्ट्झचा, तो सगळा वापरला तरी ६० सेंटिमीटरच्या खाली जाता येत नाही. म्हणजे आकडा नुसता चुकलेला नाही, तो शक्यच नाही. दुसरं टेबल तर त्याहून वाईट. ट्रान्समिट पॉवर दुप्पट केली की रेंज १०० मीटरवरून २०० झाली असं दाखवलंय. रडारमध्ये सिग्नल जातो आणि परत येतो, दोन्ही वेळा पसरतो, त्यामुळे रेंज पॉवरच्या चौथ्या मुळाने वाढते. पॉवर दुप्पट केली तर १०० मीटरचे जेमतेम ११९ होतात, २०० हवे असतील तर पॉवर सोळापट लागेल. माझ्या टेबलमध्ये ११९ होतं. कोणीतरी बसून, रिझल्ट भारी दिसावा म्हणून, ते पुसून २०० केलं.

आणि प्लॅग, म्हणजे कॉपी केलेल्या मजकुराची टक्केवारी, कमी दाखवायला सगळा मजकूर शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेला, त्यामुळे सिग्नल टू नॉइज रेशोचा फ्लॅग टू क्लॅमर रेशो झालाय. २०२१ मध्ये काही संशोधकांनी असल्याच मोडक्या शब्दांवरून ढिगाने बोगस पेपर पकडले होते, आता त्या ढिगात माझं नाव. उद्या कुठे नोकरीला किंवा पीएचडीला गेले आणि समोर रडारचं काम केलेला माणूस बसला असेल तर तो टेबल बघून माझ्याबद्दल काय ठरवेल? गाडीच्या सेफ्टीशी संबंधित विषय आहे हा, असा खोटा आकडा उचलून कोणी पुढे डिझाइन केलं तर काय?

जर्नलपण खोटं निघालं. म्हणजे त्या नावाचं जर्नल खरंच आहे, आयएसएसएनही खरा, फक्त ही वेबसाइट त्यांची नाही. नाव, कव्हर, एडिटोरियल बोर्ड उचलून दुसऱ्या पत्त्यावर हुबेहूब साइट बनवलेली, याला हायजॅक्ड जर्नल म्हणतात. सरांनी स्कोपसच्या सोर्स लिस्टमध्ये नाव शोधलं, तिथून खऱ्या साइटवर गेले, एडिटरला मेल टाकला आणि उत्तर आलं की असा पेपर आमच्याकडे आलेलाच नाही. पेपरवर छापलेला डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन नंबर) टाकून बघितला तर तोही कुठेच उघडत नाही.

पेपर काढून टाका असं मी म्हणाले तर एजंटची भाषाच बदलली. विथड्रॉअल फी १२,००० भरा, नाहीतर कॉपीराइट आमच्याकडे आहे, दुसरीकडे पाठवलात तर तुमच्या कॉलेजला डबल सबमिशनची, म्हणजे एकच पेपर दोन ठिकाणी दिल्याची, तक्रार करू. ही सरळ सरळ धमकी आहे आणि खूप मुलं इथेच घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरतात. मी भरले नाहीत. सर म्हणाले की फॉर्मवर ज्या जर्नलचं नाव आहे त्या जर्नलला पेपर कधी पोचलाच नाही, मग हे कसला कॉपीराइट सांगतायत.

तर तुम्ही काय बघायचं. जर्नलची साइट एजंटने पाठवलेल्या लिंकवरून कधीच उघडू नका, स्कोपसमध्ये स्वतः नाव शोधा, तिथून जा, पत्ता एकेक अक्षर जुळवून बघा. स्कोपसने बंद केलेल्या जर्नलची वेगळी यादी असते, तीपण बघा. आयएसएसएन आहे म्हणजे जर्नल चांगलं असं अजिबात नाही, तो नुसता नोंदणीचा नंबर असतो. "यूजीसी ॲप्रूव्ह्ड" किंवा "यूजीसी केअर" (यूजीसीच्या मान्य जर्नलच्या याद्या) म्हणून कोणी विकत असेल तर जास्तच सावध, यूजीसीने २०१८ च्या मे महिन्यात स्वतःच्याच यादीतून ४,३०५ जर्नल काढून टाकली होती आणि केअर लिस्ट तर २०२५ च्या फेब्रुवारीत बंदच केली, तरी व्हॉट्सॲपवर अजून तेच चाललंय. सबस्क्रिप्शनवर चालणारी कितीतरी चांगली जर्नल छापायचे पैसे घेतच नाहीत. काम आपलं आहे याची तारीख हवी असेल तर अर्काइव्ह (arXiv) या साइटवर सिग्नल प्रोसेसिंगचा वेगळा विभाग आहे, तिथे फुकटात प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधीची प्रत, टाकता येतो, मात्र नव्या माणसाला आधी तिथल्या कोणीतरी एंडोर्स करावं, म्हणजे शिफारस द्यावी, लागू शकते, ते गाइडना विचारा. आणि छापायच्या आधी फायनल प्रूफ मागा, मिळालं की प्रत्येक टेबल आपल्या मूळ फाइलशी लावून बघा, नुसतं स्पेलिंग नाही, आकडे.

आमच्या एचओडी मॅडमनी मला समजून घेतलं हे माझं नशीब. मूळ वर्ड फाइल, मॅटलॅबचा कोड आणि जुन्या तारखांचे सरांना केलेले मेल शाबूत होते म्हणून काम माझंच आहे हे दाखवता आलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, मग सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढच्या खात्यात अडवता येतात, माझ्या केसमध्ये ते केव्हाच काढून घेतले होते. तक्रार करायला बसाल तेव्हा यूपीआयचा व्यवहार क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी, चॅट एक्स्पोर्ट केलेली फाइल आणि त्या बोगस साइटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा, स्क्रीनशॉटमध्ये वरचा पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे, कारण तक्रार झाली की या साइट गायब होतात. माझा पेपर अजून तिथे तसाच आहे, ०.१५ मीटरसकट.