फॅन कॉइलसाठीचा मॉड्युलेटिंग थर्मोस्टॅट: काम चोख, मांडणीत डोके लावा

फॅन कॉइल म्हणजे पंखा आणि थंड-गरम पाण्याची कॉइल असलेले खोलीतले एसी युनिट. २४ व्होल्ट एसी पुरवठा, ०-१० व्होल्ट आउटपुट आणि मॉडबस (उपकरणांना तारेने जोडणारी संदेशपद्धत) असलेला हा भिंतीवरचा थर्मोस्टॅट साध्या ऑन-ऑफपेक्षा उजवाच. पाण्याचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो, त्यामुळे तापमान सेटपॉइंटभोवती (ठरवलेल्या तापमानाभोवती) झोके घेत नाही. पण आयत्या सेटिंगवर विसंबू नका. व्हॉल्व्हच्या मोटरला पूर्ण उघडायला १५० सेकंद लागत असतील आणि इंटिग्रल टाइम (उरलेली चूक किती वेगाने भरून काढायची, ते ठरवणारा वेळ) ६० सेकंदच असेल, तर ती सतत मागेपुढे करत राहते आणि लवकर झिजते. इंटिग्रल टाइम आधी ३०० सेकंदांपुढे न्या, प्रपोर्शनल बँड (तापमानाच्या किती फरकाला व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, तो पट्टा) नंतर.

चुकीच्या रीडिंगचा दोष बहुधा यंत्राचा नसतो. मागच्या कंड्युटमधून (तारांच्या पाइपमधून) येणारा वारा थेट सेन्सरवर लागतो. पाइपचे तोंड पुट्टीने बुजवा. बाहेरचा १० के एनटीसी सेन्सर (तापमान वाढले की रोध घटणारा, २५ अंशांना १० किलोओहमचा) जोडताना टाइप २ की टाइप ३, हे मेनूत नीट निवडा. २५ अंशांना दोन्हींचा रोध सारखाच असतो, म्हणून खोलीत तपासताना चूक लपते आणि थंड पाण्याच्या पाइपवर उघडी पडते.

मॉडबस ठीक. त्याच्या लाइनवर १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना लावा.

खरी उणीव वायरिंगची: पुरवठ्याची एक तार आणि सिग्नलचा कॉमन (परतीची तार) आतून एकच आहेत. एका ट्रान्सफॉर्मरवर दोन उपकरणे उलटसुलट जोडली, की सिग्नलच्या तारेतून थेट शॉर्ट. टर्मिनलवर ठळक खूण हवी होती.