वंगणाची गोळी की कागदाची? .४५-७०साठी निवड

भारतात काडतुसे बनवायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. त्यामुळे हे आहे अमेरिकेत राहणाऱ्या आणि .४५-७० या काडतुसाची, जुन्या धाटणीची शार्प्स किंवा रोलिंग ब्लॉक रायफल घेऊन काळ्या दारूची (सोरा, गंधक, कोळशाच्या जुन्या बंदुकीच्या दारूची) काडतुसे घरी भरू पाहणाऱ्यांसाठी. पहिलाच पेच गोळीचा: खाचांत वंगण भरलेली घ्यावी, की कागद गुंडाळलेली?

मूळ दुखणे काजळीचे. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे उरतो. तो नळीत वाळून कडक झाला की पुढची गोळी भरकटते. दारू किती घातली यापेक्षा काजळी कशी आवरली यावर नेम जास्त ठरतो, असे माझे मत.

वंगणाची गोळी साधारण .४५८ इंच जाडीची, आट्यांत (नळीच्या आतल्या पिळदार चरांत) घट्ट बसणारी. वीस भाग शिशाला एक भाग कथील हे मिश्रण सर्रास चालते. खाचांत मधमाशांचे मेण आणि चरबी भरतात. पेट्रोलियमचे ग्रीस नको, त्याने काजळीचे डांबर होते. दोन बारांच्या मध्ये फुंकनळीने नळीत चार-पाच श्वास सोडले की काजळी मऊ राहते, दर वेळी पुसावे लागत नाही. २०० ते ५०० मीटरवरची लोखंडी जनावरे पाडायच्या स्पर्धेत वेळ बांधलेला असतो, तिथे हीच बरी.

कागदाची गोळी गुळगुळीत आणि बारीक. तिच्यावर सुती, पातळ कागदाचे दोन वेढे ओले करून विडी वळावी तसे वळायचे. वाळताना कागद आवळतो. शिसे नळीला लागतच नाही. गोळी केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) जेमतेम शिरते, म्हणून दारूला जागा जास्त मिळते. कागद नळीच्या तोंडाशी फाटून उडतो. ते तुकडे जरूर वेचा: आट्यांच्या रेषेत स्वच्छ कापलेले असतील तर ठीक, जळके असतील तर जुळणी चुकली आहे. मात्र प्रत्येक बारानंतर ओल्या चिंधीने नळी पुसावीच लागते.

लांब पल्ल्याला कागदाची पुण्याई मोठी. १८७४ साली न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर या नेमबाजीच्या मैदानावर ८००, ९०० आणि १००० यार्डांवर अमेरिकेने रेमिंग्टन (म्हणजे रोलिंग ब्लॉकच) आणि शार्प्स घेऊन आयर्लंडला ९३४–९३१ असे हरवले. (एका आयरिश नेमबाजाने भलत्याच निशाणाचा मध्य भेदला, नाहीतर निकाल फिरला असता.) त्या जमान्यात अशा रायफलींना कागदी गोळीच चाले.

दारूचे नियम दोन्हींना सारखेच. ती दारू भरायच्या वेगळ्या लांब नळीतून केसमध्ये सावकाश ओतून बसवायची, वेगळ्या डायने (काडतुसे भरायच्या यंत्रात बसणाऱ्या दाबणीने) दाबायची, गोळीने नव्हे. दारू आणि गोळी यांत पोकळी ठेवायची नाही. काळ्या दारूच्या मापाने बिनधुराची दारू कधीही भरायची नाही, रायफल फुटेल. बार झालेल्या केसेस त्याच दिवशी पाण्यात टाकायच्या.

गोळ्या ओतायचा पहिला साचा खाचांच्या, म्हणजे वंगणाच्या, गोळीचा घ्या. हजार यार्डांची ओढ लागली आणि दर बाराला पुसायचा कंटाळा नसेल, तर दुसरा साचा कागदाचा.