लंडनचं आयल ऑफ डॉग्ज: राहायला झकास, घ्यायचं तर आधी लीज वाचा

भाड्याने राहायला पाचपैकी साडेचार. विकत घ्यायला जेमतेम तीन, तेसुद्धा कागदपत्रं नीट असतील तर.

थेम्सने घातलेल्या मोठ्या वळशाच्या पोटातला हा भाग. उत्तर टोकाला कॅनरी वॉर्फचे बँकांचे टॉवर, दक्षिण टोकाला आयलंड गार्डन्स, समोरच्या काठावर ग्रिनिच. 1802 साली उघडलेली वेस्ट इंडिया गोदी 1980 मध्ये बंद पडली. 1981 मध्ये सरकारने विकास महामंडळ स्थापन केलं, 1987 ला डीएलआर (डॉकलँड्सची हलकी रेल्वे) आली, 1999 ला ज्युबिली लाइन आणि 2022 ला एलिझाबेथ लाइन. गोदीचं पाणी मात्र बुजवून टाकलं नाही. आज जे टॉवर ‘वॉटरफ्रंट’ म्हणून विकले जातात, त्यातल्या बऱ्याच जणांसमोर नदी नसते, गोदी असते. दोन्हींचे भाव वेगळे, हे दलाल आपणहून सांगत नाही.

प्रवासाला तोड नाही. एलिझाबेथ लाइनने लिव्हरपूल स्ट्रीट सहा-सात मिनिटांत, हीथ्रोही थेट. ज्युबिली लाइन गाडी न बदलता डॉलिस हिलला नेते, म्हणजे महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जायची सोय झाली. पण जाहिरातीतलं ‘कॅनरी वॉर्फला पाच मिनिटं’ कोणत्या स्टेशनपासून मोजलंय ते पाहा. एलिझाबेथ लाइनचं स्टेशन अगदी उत्तरेच्या गोदीत आहे, दक्षिणेकडच्या क्रॉसहार्बर किंवा मडशूट स्टेशनजवळ घर असेल तर तिथून डीएलआर किंवा बरीच पायपीट. रोजच्या सामानाला क्रॉसहार्बरचं मोठं अॅस्डा सुपरमार्केट पुरतं. कढीपत्ता, ज्वारीचं पीठ यांसाठी पूर्व लंडनमधली ईस्ट हॅम किंवा ग्रीन स्ट्रीटची भारतीय दुकानं गाठावी लागतात. मुलं असतील तर मडशूटचं फार्म आणि मोकळं मैदान हा या भागाचा खरा दागिना; टॉवरमधल्या जिमपेक्षा त्याला जास्त गुण.

त्रासही आहेत. उंच इमारतींमुळे वारा खाली वळतो, काही कोपऱ्यांवर छत्री टिकत नाही. पूर्वेकडच्या घरांना सिटी एअरपोर्टच्या विमानांचा आवाज येतो. शनिवार दुपार ते रविवार दुपार विमानतळ बंद असतो, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी घर पाहिलं तर फसगत ठरलेली. कामाच्या दिवशी सकाळी जा. पश्चिमेला पूर्ण काच असलेल्या फ्लॅटमध्ये उन्हाळ्यात घर तापतं, आणि खिडक्या अनेकदा बोटभरच उघडतात. गाडी असेल तर नव्या इमारतींत ‘परमिट-फ्री’ अट आहे का विचारा. ती असली की रस्त्यावर पार्किंगचा परवाना मिळत नाही. ब्लॅकवॉल बोगद्याला एप्रिल 2025 पासून टोलही आहे.

पाण्याच्या देखाव्यासाठी जादा पैसे मोजताना एवढं ध्यानात ठेवा: इंग्लंडच्या कायद्यात देखाव्यावर हक्क नाही. समोरचा प्लॉट रिकामा किंवा बुटका असेल तर कौन्सिलच्या (तिथल्या पालिकेच्या) प्लॅनिंग पोर्टलवर त्याच्या बांधकामाचा अर्ज शोधा.

भाडेकरूंसाठी नियम सोपे. वर्षाचं भाडं 50,000 पौंडांपेक्षा कमी असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ते 30 दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत ठेवावं लागतं. कौन्सिल टॅक्स सहसा भाडेकरूच भरतो. हीटिंग सामायिक यंत्रणेचं असेल तर पुरवठादार बदलता येत नाही. मागची बिलं मागून घ्या.

आता खरेदी. इथले जवळपास सगळे फ्लॅट लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या लीजवर घेतलेले; इमारतीचा मूळ मालक, फ्रीहोल्डर, वेगळा. आपल्या सोसायटीत मेंटेनन्स किती हे सभासद सभेत ठरवतात. इथे बहुतेक ठिकाणी फ्रीहोल्डर आणि त्याची मॅनेजिंग कंपनी ठरवते आणि बिल पाठवते. पोहण्याचा तलाव, चोवीस तास कॉन्सिअर्ज (स्वागतकक्षातला माणूस), सहा लिफ्ट, सगळं त्यात. चौरस फुटाला वर्षाला 7 पौंड दर असेल तर 700 फुटांना 4,900 पौंड होतात. वकिलामार्फत एलपीई1 फॉर्म (लीज आणि खर्चाची मॅनेजिंग कंपनीने दिलेली माहिती), तीन वर्षांचे हिशेब, राखीव निधीची शिल्लक आणि कलम 20 च्या नोटिसा मागवा. एका फ्लॅटवर 250 पौंडांहून जास्त बोजा पडणाऱ्या कामाआधी ही नोटीस देणं बंधनकारक आहे. राखीव निधी रिकामा आणि लिफ्ट वीस वर्षं जुन्या, अशी जोडी दिसली की पुढची नोटीस तुमच्या नावाने येणार.

आगीचा प्रश्न अजून मिटलेला नाही. ब्लॅकवॉलच्या न्यू प्रॉव्हिडन्स वॉर्फला 7 मे 2021 रोजी आग लागली, तेव्हा भिंतींवर 2017 मध्ये जळालेल्या ग्रेनफेल टॉवरसारखेच एसीएम (अॅल्युमिनियमचे ज्वलनशील) पत्रे होते. इमारतीचा ईडब्ल्यूएस1 फॉर्म (बाहेरच्या भिंतींच्या आगीच्या धोक्याची तपासणी) नसेल किंवा त्यात दुरुस्ती सुचवली असेल तर बँक कर्ज अडवू शकते. दुरुस्तीच्या खर्चापासून 2022 च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याचं संरक्षण किमान 11 मीटर उंच किंवा किमान पाच मजली इमारतींना मिळतं. पण ते लीजला चिकटलेलं असतं, तुम्हाला नाही: 14 फेब्रुवारी 2022 रोजी त्या फ्लॅटच्या मालकाचं ते मुख्य घर होतं का, नसल्यास त्याची ब्रिटनमध्ये एकूण तीनपेक्षा जास्त घरं होती का, यावर ठरतं. विक्रेत्याकडून ‘डीड ऑफ सर्टिफिकेट’ (याच गोष्टींचा लेखी दाखला) घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

म्हणून आमची पसंती याच भागातल्या मिलवॉल आणि क्युबिट टाउनमधल्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या तीन-चार मजली विटांच्या इमारतींना. लिफ्ट नाही, तलाव नाही, म्हणून खर्च कमी. खोल्याही ऐसपैस. फक्त लीजची वर्षं मोजा. 1986 पासून 125 वर्षांची लीज 2111 ला संपते. 80 वर्षांखाली गेली की वाढवायला ‘मॅरेज व्हॅल्यू’चा (मुदतवाढीने वाढणाऱ्या किमतीतला फ्रीहोल्डरचा वाटा) जादा पैसा लागतो, 2024 च्या कायद्यात ती काढण्याची तरतूद आहे, ती लागू झाली का हे वकिलाला सौद्याच्या वेळी विचारा. लीज वाढवण्यासाठी दोन वर्षं मालक असण्याची जुनी अट मात्र 31 जानेवारी 2025 पासून गेली.

स्टॅम्प ड्युटीत आपली माणसं हमखास अडकतात ती पुण्यातल्या फ्लॅटमुळे. एप्रिल 2025 पासूनच्या दराने 5 लाख पौंडांच्या घरावर पहिल्यांदा घर घेणाऱ्याला 10,000 पौंड लागतात. पण जगात कुठेही घर असेल, वारसाने आलेलं असलं तरी, ही सवलत नाही. तुमचा हिस्सा 40,000 पौंड किंवा जास्त किमतीचा असेल आणि तुम्ही जुनं मुख्य घर विकून हे घेत नसाल तर वर 5 टक्के सरचार्ज: सवलतीविना नेहमीची ड्युटी धरून एकूण 40,000 पौंड. नवरा-बायकोपैकी एकाच्या नावावर असलं तरी दोघांना लागू. खरेदीआधीच्या बारा महिन्यांत ब्रिटनमध्ये 183 दिवस भरले नसतील तर आणखी 2 टक्के, मग व्हिसा कुठलाही असो.