मीटरच्या ‘रेडिएशन’पायी गेलेले १६,५५० रुपये

विजेच्या मीटरमधून घातक रेडिएशन येतं अशी भीती घालून एक ठग दारात आला आणि आमचे पैसे घेऊन गेला, त्याची ही हकीकत. आधी आकडे देते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही ते तरी सावध होतील. घराची ‘तपासणी’ ३०० रुपये. मीटरभोवती बसवायची जाळीची पेटी ४,८५०. सॉकेटमध्ये खोचायचा ‘न्यूट्रलायझर’ ५,४००. मोबाइलच्या पाठीला चिकटवायच्या चार चिपा, ६५० ला एक, म्हणजे २,६००. सासूबाईंच्या गळ्यात घालायचं काळं पदक २,२००. वर्षाच्या सर्व्हिसिंगचे १,२००, आणि तेवढेच काय ते यूपीआयने, बाकी सगळे रोख. बेरीज १६,५५०. बागेतल्या कलमांच्या पैशातले. पाऊस सुरू व्हायच्या आधी कौलं बदलायला काढून ठेवलेले.

आमचं गाव विजयदुर्गच्या खाडीच्या अंगाला. इकडच्या माणसाला रेडिएशन हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही. जैतापूरजवळच्या माडबनला अणुवीज प्रकल्प येणार, सहा अणुभट्ट्या, ९,९०० मेगावॅट, हे ऐकत आमची पोरं मोठी झाली. २०११ च्या मार्चमध्ये जपानच्या फुकुशिमात अणुभट्ट्यांचा अपघात झाला, एप्रिलमध्ये प्रकल्पविरोधी आंदोलनात साखरी नाट्याला गोळीबार होऊन माणूस गेला. तेव्हापासून हा शब्द आमच्या ओटीवर बसलेला आहे. त्या ठगाने नेमका तोच उचलला. अणुभट्टीचं रेडिएशन वेगळं आणि मोबाइलच्या, मीटरच्या रेडिओलहरी वेगळ्या, पहिलं पेशीतल्या रेणूंची मोडतोड करू शकतं आणि दुसऱ्यात तेवढी ताकद नसते, हे मला आज माहीत आहे. तेव्हा हे सांगायला कोण आलं होतं?

मीटर बदलायला मात्र आले होते. मी शेतात, घरी सासूबाई एकट्या. परत येऊन बघते तर पडवीतल्या भिंतीवर नवा डबा. २०२४ च्या जूनमध्ये सरकारने जाहीर केलं होतं की सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही. मग हे काय, विचारलं तर उत्तर, ‘प्रीपेड नाही, टीओडी आहे,’ म्हणजे दिवसाच्या कुठल्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारा. यातून रीडिंग आपोआप जातं म्हणजे काय जातं, कशातून जातं, घरात हृदयाला पेसमेकर बसवलेलं माणूस आहे त्याला काही होतं का, असा रीतसर अर्ज मी वीज कंपनीच्या कार्यालयात दिला. पोच घेतली. त्या अर्जाला आजतागायत उत्तर नाही. हा क्रम लक्षात ठेवा, कारण ठग त्यानंतर आला. कार्यालयाने चार ओळी लिहून दिल्या असत्या तर त्या माणसाला मी पायरीही चढू दिली नसती.

बाकी पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच. गळ्यात ओळखपत्र, हातात छापील फॉर्म, ‘ताई’ आणि ‘आजी’ करत बोलणं, आणि पुढच्या वाडीतल्या तिघांची नावं की यांनीही घेतलंय. त्या तिघांना आमचं नाव सांगून गळ घातली होती, हे नंतर कळलं. पेसमेकरचं त्याला कुठून कळलं? सासूबाईंनीच सांगितलं, चहा देताना. नंतर मीही सांगितलं. म्हातारं माणूस, लहान मूल, गरोदर बाई, यातलं घरात कोण आहे ते दारात आलेल्या कुणालाही सांगू नका. तो त्याचसाठी गप्पा मारत असतो.

त्याने एक छापील कागद दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रेडिओलहरींना कर्करोगाच्या यादीत टाकलंय, साल २०११. ही थाप नाही, हे लक्षात घ्या. खरोखर टाकलंय, गट २ब मध्ये, म्हणजे ‘शक्यता आहे, पुरावा तोकडा’. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे, आशियातल्या काही देशांतल्या मुरवलेल्या भाज्या आहेत. कोरफड आमच्या गडग्यावर उगवते. पण कागदाची खालची अर्धी बाजू त्याने अंगठ्याखाली धरली होती.

मग मीटरवरचा लाल दिवा. ‘ताई, हा मिचकावतोय बघा, दर वेळी एक लहर घरात शिरते.’ अहो, तो दिवा वापरलेली वीज मोजत मिचकावतो. मिक्सर लावला की भराभर, सगळं बंद केलं की क्वचित. आमच्या आधीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरलाही असाच दिवा होता. मी तो वर्षानुवर्षं बघत आले होते. पण त्या दिवशी त्याच दिव्याची भीती वाटली, कारण बोलणारा इंजिनिअर म्हणवत होता.

आता खरी जागा. ही लिहिताना आजही कानशिलं तापतात.

त्याच्या हातात एक पिवळं यंत्र होतं, लहरी जवळ आल्या की टीं टीं वाजणारं. मीटरजवळ नेलं, वाजलं. फ्रिजजवळ वाजलं. सासूबाईंच्या खाटेच्या उशाला वाजलं, तिथे पाठीमागे वायरिंग आहे, वाजणारच. तेवढ्यात लाइट गेली. जरा वारा सुटला की आमच्याकडे जाते, त्यात नवल नाही. पंखा थांबला, फ्रिज थांबला, मीटरचा पडदा विझला. आणि त्याने यंत्र परत मीटरला लावलं तर ते वाजतच होतं!

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, “अगो, लाइट नाही तर हा वाजतो कसा?”

ब्याऐंशी वर्षांची बाई. शाळा चौथीपर्यंत. जो प्रश्न मी विचारायला हवा होता तो त्यांनी विचारला. तो क्षणभर थांबला, मला तो थांबलेला दिसला, आणि मग म्हणाला, “आजी, तुमचं घर चिऱ्याचं ना? जांभ्यात लोखंड असतं. लहरी भिंतीत मुरतात. लाइट गेली तरी दोन-तीन तास निघत राहतात.”

जांभ्यात लोह असतं, हे खरंच आहे, म्हणून तर तो तांबडा. एवढं एक खरं सांगून त्याने पुढची शुद्ध थाप पचवली. रेडिओलहर भिंतीत मुरून बसत नाही. उगम बंद झाला की संपली. यंत्र वाजत होतं ते त्याच्या डाव्या हातातल्या मोबाइलमुळे. ‘रीडिंग नोंदवतो’ म्हणून तो मोबाइल त्याने सतत यंत्राखाली धरला होता. मी सासूबाईंना म्हटलं, “आई, ते शिकलेले आहेत, बोलू द्या त्यांना.” घरात आलेल्या माणसासमोर म्हाताऱ्या माणसाने उलट प्रश्न केला की आपण सवयीने असंच म्हणतो. मी वेगळं काही केलं नाही, कुणीही हेच केलं असतं.

तुमच्याकडे असा कुणी आला तर त्याचा मोबाइल ओट्यावर ठेवायला लावा, मेन स्विच पाडा, आणि मग म्हणा, वाजव आता.

पेटी बसवली. सगळ्यात मोठा फटका तिनेच दिला. स्मार्ट मीटर रीडिंग पाठवतो ते बिनतारीच, मोबाइलसारख्याच लहरींवर. त्याच्याभोवती धातूची जाळी घातली की रीडिंग जात नाही. गेलं नाहीच. बिल आलं सरासरीचं, ३,१४० रुपये, आमचं एरवीचं ९०० च्या आत असतं. वायरमन आला, पेटी बघून म्हणाला, “काकी, ही आत्ताच्या आत्ता काढा. मीटरशी छेडछाड केली म्हणून केस झाली तर मी काही करू शकत नाही.” म्हणजे माझेच पैसे देऊन मी स्वतःला वीजचोरांच्या रांगेत उभं करून घेतलं.

‘न्यूट्रलायझर’ पुतण्याने उघडला, तो आयटीआय झालेला आहे. आत एक हिरवा दिवा, एक कपॅसिटर, आणि वजन वाटावं म्हणून तळाशी ओतलेलं सिमेंट. ५,४०० रुपये. असले प्रकार फक्त आपल्याकडे होतात असं समजू नका. इंग्लंडमध्ये २०२० साली ५जीपासून वाचवणारा म्हणून एक यूएसबी ३३९ पौंडांना विकला जात होता, उघडल्यावर निघाला साधा पेन ड्राइव्ह, वर एक स्टिकर. आणि आपल्याकडे त्याच वर्षी राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी मोबाइलचं रेडिएशन कमी करणारी शेणाची चिप पत्रकारांना दाखवली. सरकारी आयोगच जर असं दाखवतो तर ६५० रुपयांची चिप घेणाऱ्या बाईला हसायचा अधिकार कुणाला आहे?

त्या चिपेबद्दल मात्र एक ऐकाच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लोकांना बजावलंय की अशा चकत्या मोबाइलच्या सिग्नलमध्ये आडव्या आल्या तर तो जास्त जोर लावून लहरी सोडतो. आमच्या वाडीत आधीच एक काडी रेंज. कमी रेंजमध्ये लांब कॉल नको, कानापासून दूर धरा, स्पीकर लावा, हे फुकटचं आहे आणि कामाचं आहे. पेसमेकर असलेल्याने मोबाइल छातीच्या खिशात ठेवायचा नाही, सहा इंच तरी लांब, आणि बोलायचं ते दुसऱ्या बाजूच्या कानाने. हे सासूबाईंच्या डॉक्टरांनी पेसमेकर बसवला तेव्हाच सांगितलं होतं. मीटरबद्दल त्यांना फोनवर विचारलं तर म्हणाले, भिंतीवरच्या मीटरचं काही नाही, निवांत झोपा. तो फोन मी १६,५५० देऊन झाल्यावर केला.

पदकाची गोष्ट सगळ्यात संतापाची. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये ५जीविरोधी म्हणून विकल्या जाणाऱ्या दहा वस्तू तपासल्या, गळ्यातली पदकं, हातातली कडी, झोपताना डोळ्यांवर घालायची पट्टी. त्या स्वतःच किरणोत्सर्गी निघाल्या. खऱ्या अर्थाने, अणुभट्टीवाल्या अर्थाने. लोकांना सांगितलं, घालू नका, बंद करून ठेवा. आमच्या पदकात काय आहे ते तपासून देणारं तालुक्यात कुणी नाही. सासूबाईंनी ते पहिल्याच रात्री काढून खुंटीला अडकवलं होतं, ‘टोचतं’ म्हणून. माझ्याशी त्या यावर एक शब्द बोललेल्या नाहीत, आणि तेच जास्त लागतं. तुमच्या घरात असलं काळं पदक असेल तर मुलांच्या हाती देऊ नका, फोडून बघायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.

आता आपले रक्षक. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “वस्तू मिळाल्या ना? मग फसवणूक कुठे झाली?” दुसरा, “पैसे तुम्ही स्वतःच दिले ना?” तिसरा माझ्या पाठीमागे कुणीतरी हळू आवाजात विचारला आणि सगळे हसले. मी १९५४ चा कायदा दाखवला, औषधं आणि जादूटोणावजा उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्यात ‘कवच’ हा शब्द चक्क लिहिलेला आहे, ताईत आणि मंत्राच्या शेजारी. आमच्या पेटीवरही ‘कवच’ असंच छापलंय, आणि पत्रकात हृदयविकार आणि कर्करोग टळतो म्हटलंय. साहेब म्हणाले, हे आमचं नाही, औषधवाल्यांचं. औषधवाले म्हणाले, पदक हे औषध नाही, पोलिसांत जा. वीज कंपनीचं कार्यालय म्हणालं, तो आमचा माणूस नव्हता. मग माझा अर्ज? ‘कुठला अर्ज?’ पोच दाखवली. ‘हे साहेब बदलून गेले.’ बिल दुरुस्त करून द्या म्हटलं तर पेटी कुणी लावली म्हणून उलट माझीच चौकशी! सगळ्यांचं म्हणणं एक, बाई शिकलेली दिसते, तरी कशी फसली. अहो, तुम्ही उत्तरं देत नाही, म्हणून तो देत फिरतो.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे. मी पाठवली आहे. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० ला लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी फोन १९१५ ला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि पावतीवरच्या पत्त्यावर पत्र पाठवलं तर ‘असा इसम नाही’ शेरा मारून परत आलं.

पावती नीट बघा. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याचा २७ ने सुरू होतो. आमच्या पावतीवर तेरा अक्षरं आहेत आणि सुरुवात ७२. ती पावती मी फ्रिजवर लोहचुंबकाने लावून ठेवली होती, सर्व्हिसिंगची तारीख विसरू नये म्हणून.

मोबाइल टॉवरची शंका असेल तर दूरसंचार विभागाचं तरंग संचार पोर्टल आहे. जवळचे टॉवर तिथे दिसतात, आणि शुल्क भरून अधिकृत मोजणी मागवता येते. १ सप्टेंबर २०१२ ला आपल्याकडे टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश करण्यात आली होती. घरोघर फिरून ३०० रुपयांत मोजून देणारा सरकारी माणूस नसतो. मीटरसाठी आलेल्याकडे वीज कंपनीचं ओळखपत्र मागा, त्याचा फोटो काढा, आणि तो समोर असतानाच गावच्या वायरमनला फोन लावा. रोख मागितले तर दार लावा. वाईट वाटेल त्याला, वाटू द्या.

तो आता खाडीपलीकडच्या बाजारात दिसल्याचं एकाने सांगितलं. नवी कंपनी, पिवळं यंत्र तेच. गणपतीत मुंबईची माणसं घरी असतात, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, कडेवर पोरं, तेव्हा तो वाड्यावाड्यांतून फिरणार. आपापल्या घरी आधी फोन करून सांगा, विशेषतः म्हातारी माणसं एकटी असतील तर. आमचं बिल अजून ३,१४० च आहे. भरलं नाही तर लाइन तोडू, असा मेसेज मात्र वेळेवर येतो.